प्रथिनातला चुकीचा पूर्णविराम

लिव्हरची तपासणी करून घेतलेल्या प्रत्येकाने ‘अल्कलाइन फॉस्फटेज’ हे नाव रिपोर्टवर पाहिलेले असते. बिलिरुबिन, एसजीओटी, एसजीपीटी यांच्या रांगेतच ते असते. आकडा मर्यादेत असला की रुग्ण पुढची ओळ बघतो, डॉक्टरही फारसे थांबत नाहीत. या जातीचे विकर आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय नावाच्या जीवाणूतही तयार होते. बाहेर फॉस्फेटचा तुटवडा पडला की जीवाणू ते बनवतो आणि इतर पदार्थांना चिकटलेले फॉस्फेट सोडवून घेतो. १९६२ साली याच विकराच्या आधाराने एक मोठी गोष्ट उलगडली. प्रथिन बनता बनता मध्येच का तुटते आणि तुटलेले काम पेशी कधी कधी पुरे कसे करते, ही ती गोष्ट. ती उलगडणाऱ्या दोघांपैकी एक होते ॲलन गॅरेन आणि दुसरे ओबैद सिद्दीकी. सिद्दीकी तेव्हा तिशीचे होते आणि त्याच वर्षी ते मुंबईला कायमचे परतले.

सिद्दीकींचा जन्म ७ जानेवारी १९३२चा, उत्तर प्रदेशातल्या बस्ती जिल्ह्यातला. शिक्षण अलिगढ मुस्लिम विद्यापीठात, विषय वनस्पतिशास्त्र. पुढे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत त्यांनी गव्हावर काम केले. गव्हाच्या आनुवंशिकतेचा अभ्यास करणाऱ्याला एका पिढीसाठी एक हंगाम थांबावे लागते. पाऊस, गारपीट, तांबेरा यांतून जे वाचेल त्यावर निष्कर्ष काढायचा. विदर्भातल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. जनुकांचे बारकावे शोधायचे तर लाखो संतती तपासायला हव्यात आणि त्या काही दिवसांत मिळायला हव्यात. ते जमते बुरशीत आणि जीवाणूत.

म्हणून सिद्दीकी स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठात गेले, ग्विदो पॉन्टेकोर्व्हो यांच्याकडे. हे गृहस्थ मूळचे इटलीचे, शेतकीचे पदवीधर. मुसोलिनीच्या ज्यूविरोधी कायद्यांमुळे त्यांना देश सोडावा लागला होता. त्यांचा एक भाऊ नामवंत अणुशास्त्रज्ञ, तो पुढे सोव्हिएत रशियात निघून गेला. दुसरा भाऊ चित्रपट दिग्दर्शक. असे हे घर. पॉन्टेकोर्व्होंच्या प्रयोगशाळेत अस्परजिलस या बुरशीवर काम चाले. सिद्दीकींनी तिच्यातले एकच जनुक घेतले आणि त्या एका जनुकाच्या आतले वेगवेगळे बिघाड कुठे कुठे आहेत याचा नकाशा काढला. आज हे यंत्रावर काही तासांत होते. तेव्हा मात्र बिघडलेल्या वाणांचे एकमेकांशी संकर करून संतती मोजत बसणे, हाच मार्ग होता. १९६१मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली.

तो काळच वेगळा होता. डीएनएची रचना कळून आठ वर्षे झाली होती. डीएनएतला निरोप आरएनएच्या प्रतीवर उतरतो आणि त्या प्रतीवरून रायबोसोम नावाचे कारखाने प्रथिन विणतात, हे १९६१मध्येच स्पष्ट झाले. त्याच वर्षी अमेरिकेत मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिख मथाई यांनी आनुवंशिक लिपीतला पहिला शब्द वाचला. त्याच वर्षाच्या शेवटी केंब्रिजच्या फ्रान्सिस क्रिक, सिडनी ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ही लिपी तीन-तीन अक्षरांच्या शब्दांची आहे. अक्षरे चार, शब्द तीन अक्षरी, म्हणजे एकूण शब्द ६४. प्रथिनात मात्र अमिनो आम्ले वीसच. मग उरलेल्या शब्दांचे काय? त्यांतल्या काहींना काहीच अर्थ नसेल का? आणि एखाद्या जनुकात मध्येच असा बिनअर्थाचा शब्द आला तर प्रथिनाचे काय होईल?

हा प्रश्न पुस्तकी वाटतो, पण तो तसा नाही. एक साधे वाक्य घ्या: बाळाला दूध पाज. यातले एक अक्षर बदलून ‘बाळाला दूर पाज’ झाले, तर वाक्य शेवटपर्यंत जाते, फक्त अर्थ बिघडतो. सिकलसेलमध्ये हेच घडते. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतल्या सहाव्या जागी एका अमिनो आम्लाऐवजी दुसरे येते. साखळी पूर्ण बनते, पण ऑक्सिजन कमी झाला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. आता दुसरी चूक पाहा: ‘बाळाला.’ असा मध्येच पूर्णविराम पडला. पुढचे शब्द कागदावर जसेच्या तसे आहेत, त्यांत काहीही चूक नाही, पण वाचणारा तिथेच थांबतो. असे घडले तर पेशीजवळ उरतो तो प्रथिनाचा निरुपयोगी तुकडा.

ग्लासगोनंतर सिद्दीकी अमेरिकेत गेले. आधी न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत, मग पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गॅरेन यांच्याकडे. गॅरेन यांनी अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर आधीच हाताशी धरले होते. त्याचा फायदा असा, की कोणता जीवाणू विकर बनवतो आणि कोणता नाही हे रंगावरून ओळखता येते. एका काचेच्या बशीत हजारो वसाहती वाढवायच्या आणि डोळ्यांनी निवडायच्या. विकर न बनवणारे अनेक बिघडलेले वाण त्यांच्याजवळ जमले होते. त्यांतल्या प्रत्येकाचा बिघाड फॉस्फटेजच्या जनुकातच होता, मात्र जनुकात निरनिराळ्या जागी.

मग एक चमत्कारिक गोष्ट दिसली. बिघडलेले जनुक जीवाणूंच्या एका वंशात असताना विकर अजिबात बनत नव्हते. तेच जनुक, त्याच बिघाडासकट, दुसऱ्या वंशात नेले की विकर बनू लागायचे. जनुक दुरुस्त झालेले नव्हते. ते परत पहिल्या वंशात आणले तर पुन्हा विकर बंद. म्हणजे दुसऱ्या वंशाच्या पेशीत, फॉस्फटेजच्या जनुकापासून दूर कुठेतरी, असे काही होते जे ही चूक झाकत होते. आणखी एक खूण महत्त्वाची होती. हा उपाय सगळ्या बिघाडांवर चालत नव्हता. ठरावीक जातीच्या बिघाडांवरच चालत होता, मग तो बिघाड जनुकात कुठेही असो. एखादी किल्ली एकाच घराच्या नव्हे, तर एका कंपनीच्या सगळ्या कुलपांना लागावी, तसे.

गॅरेन आणि सिद्दीकींनी त्यातून काढलेला अर्थ असा होता. हे बिघाड म्हणजे मध्येच आलेले निरर्थक शब्द. पहिल्या वंशातल्या पेशीला ते वाचता येत नाहीत, म्हणून प्रथिन तिथे तुटते. दुसऱ्या वंशातल्या पेशीच्या वाचनयंत्रणेतच एक बदल झालेला आहे, त्यामुळे ती त्या शब्दाला काहीतरी अर्थ लावते आणि पुढे जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात १९६२मध्ये हा शोधनिबंध आला. त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात, सीमूर बेंझर आणि सीवेल चॅम्प यांचाही निबंध होता. त्यांनी जीवाणूंना मारणाऱ्या विषाणूवर काम करून तसाच निष्कर्ष काढला होता. विज्ञानात असे बरेचदा होते. प्रश्न पिकलेला असला की दोन हात एकदमच फांदीकडे जातात. बेंझर यांचे नाव इथे लक्षात ठेवावे, ते पुढे पुन्हा येणार आहे.

नंतरची तीन-चार वर्षे हा धागा इतरांनी ओढला. १९६५मध्ये ब्रेनर यांच्या गटाने आणि गॅरेन यांच्या गटाने ते शब्द कोणते हे शोधले. यूएजी आणि यूएए हे दोन आधी सापडले, यूजीए दोन वर्षांनी. आता त्यांना निरर्थक म्हणणेही बरोबर नाही, कारण ते प्रथिनाचे खरेखुरे पूर्णविराम आहेत. प्रत्येक जनुकाच्या शेवटी यांपैकी एक असतो. चूक होते ती पूर्णविराम मध्येच पडल्याने. चूक झाकणारा बदल कुठला, तेही कळले. आरएनएच्या प्रतीवरला शब्द ओळखून त्याला जुळणारे अमिनो आम्ल आणून देणारे छोटे आरएनए असतात, त्यांना ट्रान्सफर आरएनए म्हणतात. दुसऱ्या वंशात अशाच एका हमालाची ओळखखूण बदललेली होती. पूर्णविराम दिसला की तो आपले ओझे तिथेच उतरवी आणि साखळी पुढे सरके.

मग असा हमाल पेशीतल्या सगळ्याच खऱ्या पूर्णविरामांवर ओझे टाकून गोंधळ घालत नाही का? थोडा घालतो. पण तो प्रत्येक वेळी यशस्वी होत नाही, आणि खरा पूर्णविराम अनेकदा दुसऱ्या प्रकारचा असतो. त्यामुळे जीवाणू जगतो. हा ‘थोडा’ शब्द पुढे औषधशास्त्रात फार कळीचा ठरला.

कामठी, कन्हान, उत्तर नागपूर या पट्ट्यात सिकलसेल कोणाला समजावून द्यावा लागत नाही. मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद नागपूरच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये केली त्याला १९५८पासून मोजले तर साठहून अधिक वर्षे झाली. थॅलेसेमिया त्या मानाने कमी बोलला जातो. बीटा थॅलेसेमियाला कारण ठरणारे जे काही बदल भारतात वारंवार सापडतात, त्यांतला एक नेमका मध्येच पडलेला पूर्णविराम आहे. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. पंधराव्या जागी ट्रिप्टोफॅनचा शब्द असतो. त्यातले एक अक्षर बदलले की तिथे यूएजी तयार होतो. चौदा अमिनो आम्ले जोडली जातात आणि काम थांबते. पेशी असला तुटका निरोप ओळखून त्याची आरएनए प्रतही बरीचशी नष्ट करते. आई आणि वडील दोघांकडून असा बदल आलेल्या बाळाला सहा महिने ते दोन वर्षांच्या दरम्यान रक्त कमी पडू लागते. मग दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवणे आणि त्या रक्तातून साठणारे लोह बाहेर काढण्यासाठी रोजची औषधे, हे आयुष्यभर. फिलाडेल्फियातल्या काचेच्या बशीवरचे पांढरे ठिपके आणि रक्तपेढीबाहेर पिशवीची वाट पाहत बसलेले कुटुंब, दोन्हीकडे एकच यूएजी असू शकतो.

जीवाणूची पेशी चूक झाकू शकते तर माणसाची का नाही, हा विचार डॉक्टरांना सुचणे स्वाभाविक होते. जेंटामायसिन हे जुने, स्वस्त इंजेक्शन रायबोसोमच्या वाचण्याच्या जागी जाऊन बसते. जीवाणूंचे वाचन बिघडवूनच ते त्यांना मारते. मोठ्या मात्रेत ते आपल्या पेशींनाही चुकीचा पूर्णविराम कधी कधी ओलांडायला लावते, हे प्रयोगांत दिसले. पण तेवढी मात्रा दिली तर मूत्रपिंड आणि कान दोन्ही धोक्यात. मग याच कामासाठी अटाल्युरेन हे तोंडाने घ्यायचे औषध आले. स्नायू झिजवणाऱ्या ड्युशेन आजारातल्या काही मुलांसाठी युरोपने त्याला २०१४मध्ये सशर्त परवानगी दिली. गुण पुरेसा सिद्ध होत नाही म्हणून ती परवानगी पुढे चालू ठेवली गेली नाही. आता प्रयोगशाळांत उंदरांवर चालले आहे ते थेट बदललेले ट्रान्सफर आरएनए पेशीत सोडून पाहण्याचे काम, म्हणजे त्या दुसऱ्या वंशातल्या जीवाणूचीच युक्ती. थॅलेसेमियाच्या रुग्णाला यातले आज काहीही देता येत नाही. आज देता येते ती लग्नाआधी किंवा गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत होणारी एचबीए-टू ची साधी रक्ततपासणी. पती-पत्नी दोघेही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता असते की बाळाला पूर्ण आजार होईल. सिकलसेलची तपासणी झाली म्हणजे थॅलेसेमियाची झाली, असा समज बऱ्याच घरांत आहे. तो खरा नाही. तपासणीचा कागद हातात आला की दोन्हींचे उत्तर त्यावर आहे का, हे विचारून घ्यावे.

सिद्दीकी मात्र हा धागा धरून अमेरिकेत राहिले नाहीत. नामवंत अणुशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड तोवर जीवशास्त्राकडे वळले होते. त्यांनी होमी भाभांकडे सिद्दीकींसाठी शब्द टाकला. भाभांची टाटा मूलभूत संशोधन संस्था कुलाब्याच्या टोकाला, समुद्राकाठच्या नव्या इमारतीत नुकतीच आली होती. जानेवारी १९६२मध्ये नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले होते. संस्था गणित आणि भौतिकशास्त्राची. तिथे जीवाणूंच्या बश्या मांडायच्या, ही कल्पना कित्येकांना विचित्र वाटली असणार. भाभांना वाटली नाही. रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सिद्दीकींनी उभा केला.

या ठिकाणी हरगोविंद खुराणा आठवल्याशिवाय राहत नाहीत. आनुवंशिक लिपी वाचण्याबद्दल १९६८चे नोबेल निरेनबर्ग आणि रॉबर्ट होली यांच्यासोबत त्यांना मिळाले. खुराणा १९४९मध्ये परदेशातून शिकून भारतात आले होते आणि त्यांना इथे साजेशी नोकरी मिळाली नव्हती. ते परत गेले. तेरा वर्षांनी सिद्दीकी आले तेव्हा त्यांच्यासाठी एक दार उघडे होते. ते दार एका माणसाने उघडले होते, व्यवस्थेने नाही, हेही खरे. तो माणूस जानेवारी १९६६मध्ये विमान अपघातात गेला.

साठच्या दशकात परकीय चलनाची चणचण होती. बाहेरून रसायने किंवा उपकरणे मागवणे म्हणजे महिन्यांची प्रतीक्षा. आरएनए आणि लिपीच्या प्रश्नांवर तेव्हा अमेरिका आणि युरोपातल्या मोठ्या प्रयोगशाळा अक्षरशः दिवसरात्र धावत होत्या. त्या शर्यतीत मुंबईहून उतरण्यापेक्षा सिद्दीकींनी वेगळा प्रश्न घेतला. दोन जीवाणू एकत्र येतात तेव्हा एकाचा डीएनए दुसऱ्याच्या डीएनएत नेमका कसा सांधला जातो? या कामाला अफाट सामग्री लागत नव्हती, नीट आखलेला प्रयोग लागत होता. ते त्यांनी केले आणि बाहेर त्याची दखल घेतली गेली. तरी एवढ्या हुशारीने सुरू केलेला प्रथिनांचा विषय त्यांनी सोडला याची थोडी हळहळ वाटते. मात्र मुंबईत एक विभाग उभा राहिला, ती दुसरी बाजू.

पुढचे वळण सत्तरच्या दशकात आले. सीमूर बेंझर आता विषाणू सोडून फळमाशीच्या मागे लागले होते. पिकलेल्या केळ्यावर घोंघावणारी ती इवलीशी माशी. एखादे जनुक बिघडले तर वागणूक कशी बिघडते, हे तिच्यात पाहायचे होते. सिद्दीकी कॅलिफोर्नियात त्यांच्याकडे काही काळ राहिले आणि दोघांनी मिळून अशा माश्या शोधल्या ज्या नेहमीच्या तापमानाला छान उडत, पण तापमान वाढवले की लुळ्या पडत. थंड केल्या की पुन्हा उठत. नागपूरच्या मे महिन्यातली दुपार अनुभवलेल्यांना या माश्यांबद्दल सहानुभूती वाटेल. गंमत बाजूला ठेवली तर यामागचा विचार पक्का होता. उष्णतेने एखादे प्रथिन काम थांबवते आणि त्याच क्षणी माशी पडते, म्हणजे ते प्रथिन मज्जातंतूंच्या कामात अत्यावश्यक आहे. शिवाय थंडाव्यात माशी जिवंत राहत असल्याने तिचा वाण टिकवता येतो. यांतल्या एका जातीला त्यांनी ‘कोमाटोज’ म्हटले, कारण ती शुद्धीवर यायला फार वेळ घेई. १९७६मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. जवळजवळ वीस वर्षांनी कळले की त्या माशीत बिघडलेले प्रथिन एनएसएफ आहे. मज्जापेशीतल्या रसायनाच्या पुड्या पुन्हा पुन्हा रित्या करता याव्यात यासाठी ते लागते. माणसाच्या मेंदूतही ते आहे.

मुंबईत परतल्यावर वास आणि चव हे विषय त्यांनी माशीवरच घेतले. वेरोनिका रॉड्रिग्ज ही त्यांची विद्यार्थिनी मूळ गोव्याच्या कुटुंबातली, केनियात जन्मलेली, डब्लिनला शिकलेली. सिद्दीकींचे काम वाचून ती मुंबईला आली. ठरावीक वास न ओळखणाऱ्या आणि ठरावीक चव न कळणाऱ्या माश्या दोघांनी वेगळ्या काढल्या. नाकातल्या वासाच्या ग्राहकांची जनुके माहीत होण्याच्या कितीतरी आधीचे हे काम. पुढे रॉड्रिग्ज स्वतः या क्षेत्रातल्या मोठ्या शास्त्रज्ञ झाल्या आणि टाटा संस्थेच्या जीवशास्त्र विभागाच्या प्रमुखही. २०१०मध्ये, गुरूच्या आधीच, त्या गेल्या.

१९७५पासून सिद्दीकींनी महाबळेश्वरला आधुनिक जीवशास्त्रावरची परिसंवादमाला सुरू केली. देशातले आणि परदेशातले संशोधक तिथे काही दिवस एकत्र राहत. विद्यापीठांतल्या तरुण संशोधकांना एरवी ज्यांचे फक्त निबंध वाचायला मिळत, त्यांच्याशी जेवणाच्या टेबलावर वाद घालता येई. १९७६मध्ये भटनागर पुरस्कार, १९८४मध्ये पद्मभूषण आणि त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, २००६मध्ये पद्मविभूषण, असे मान मिळत गेले. ऐंशीच्या दशकात त्यांनी टाटा संस्थेच्याच छत्राखाली बेंगळुरूला जीवशास्त्राचे स्वतंत्र केंद्र काढण्यासाठी धडपड केली. नव्वदच्या दशकात कृषी विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभे राहिले. सिद्दीकी त्याचे पहिले संचालक. गव्हाच्या शेतापासून निघालेला माणूस पुन्हा शेतकी आवारात आला होता, पण आता बाटल्यांत माश्या होत्या.

संचालकपद सोडल्यावरही त्यांनी प्रयोगशाळा सोडली नाही. माशीची अळी वास कसा ओळखते आणि लक्षात कसा ठेवते, यावर वयाच्या ऐंशीनंतरही त्यांचे काम चालू होते. जुलै २०१३मध्ये बेंगळुरूच्या रस्त्यावर एका दुचाकीची धडक बसून त्यांच्या डोक्याला मार लागला. काही दिवस ते रुग्णालयात होते. २६ जुलैला त्यांचे निधन झाले.